सलगम साहेब : चौथ्या डिव्हिजनच्या एका फुलबॅकची गोष्ट

हर्टफर्डचा हरी (धागाकर्ता)

आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर वॉटफर्डचं फुटबॉलचं मैदान आहे, व्हिकरेज रोड. लागूनच सरकारी हॉस्पिटल, भोवती विटांची जुनी घरं. नोकरीनिमित्त इथे येऊन आठ वर्षं झाली, पण पहिली पाच वर्षं मी त्या मैदानाला फक्त 'शनिवारी ट्रॅफिक लावणारी जागा' म्हणून ओळखत होतो. मी क्रिकेटवाला. फुटबॉल म्हणजे वर्ल्डकपच्या महिनाभर जागायचं आणि नंतर चार वर्षं विसरायचं.

मग पोरगा नऊ वर्षांचा झाला, वर्गातल्या मित्रांच्या नादाने पिवळा-काळा मफलर मागायला लागला, आणि मला तिकिटं काढावी लागली. पहिल्याच दिवशी स्टेडियमबाहेर एक ब्राँझचे गृहस्थ बाकावर बसलेले दिसले. उभा पुतळा नाही, हात वर केलेला नाही, पायाशी चेंडू नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतात तसे बसलेत, आणि शेजारी जागा मोकळी. लोक येतात, बाजूला टेकतात, फोटो काढतात. मला वाटलं कुणी देणगीदार असेल. पोराला शेजारी बसवून फोटो काढताना मागच्या रांगेतल्या म्हातारीला तसं विचारलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शिवाजी पार्कात उभं राहून 'हे घोड्यावरचे कोण?' विचारल्यावर आपण पाहू.

ते ग्रॅहम टेलर. इंग्लंडबाहेर हा माणूस कुणाला आठवत असलाच, तर १९९० ते ९३ मधला इंग्लंडचा फसलेला मॅनेजर म्हणून. पेपरवाल्यांनी त्यांचं डोकं सलगमाच्या कंदावर चिकटवून छापलं होतं. मला मात्र त्याआधीची गोष्ट सांगायची आहे.

जन्म १९४४ चा, वर्कसॉपचा. वाढले स्कन्थॉर्प या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. वडील तिथल्या स्थानिक पेपरात क्रीडा पत्रकार. पोरगा हुशार, ग्रामर स्कूलमध्ये. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने कॉलेज, नोकरी, पेन्शन असा रस्ता आखलेला. ते सोडून गडी ग्रिम्सबी टाउनकडे खेळायला गेला. (गंमत म्हणजे ग्रिम्सबीचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे.) तिथे १८९ लीग सामने. १९६८ मध्ये लिंकन सिटीने घेतलं, तिथे आणखी दीडशे. जागा फुलबॅकची, म्हणजे कडेच्या बचावाची. गोल इतके कमी की मोजायला एक हात पुरावा. लिंकन तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये. त्याखाली लीगच नाही.

अशा खेळाडूचं पुढे काय होतं? बहुतेकांचं काहीच होत नाही. तिशीला गुडघा जातो, मग पब चालवायचा नाहीतर विमा विकायचा. टेलरांनी मात्र खेळता खेळताच कोचिंगच्या परीक्षा दिल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी फुटबॉल असोसिएशनचा पूर्ण बिल्ला मिळवला. तोवर इतक्या लहान वयात तो कुणाला मिळाला नव्हता. मग कंबरेच्या सांध्याची दुखापत आली आणि खेळणं संपलं. डिसेंबर १९७२ मध्ये लिंकनने त्यांनाच मॅनेजर केलं. वय २८. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलत होता, त्यांना आज संघातून काढायचं.

सुरुवातीला सामने जिंकता येईनात, प्रेक्षक ओरडायला लागले. पण १९७५-७६ मध्ये याच लिंकनने चौथी डिव्हिजन अशी जिंकली की लोक आजही आकडे पाठ म्हणतात. ४६ सामन्यांत ३२ विजय, १० बरोबरी, फक्त ४ हार. १११ गोल. तेव्हा जिंकल्यावर दोनच गुण मिळायचे, तरी ७४ गुण.

मग १९७७ मध्ये एल्टन जॉनचा फोन. हो, तोच पियानोवाला, मोठ्या चष्म्यांचा. लहानपणापासून वॉटफर्डचा भक्त, आणि आता क्लबचा चेअरमन. वॉटफर्डही तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्येच, मैदानाभोवती कुत्र्यांच्या शर्यतींचा ट्रॅक. वरच्या वर्गातल्या वेस्ट ब्रॉमविचचंही टेलरांना बोलावणं होतं. ते सोडून हे बत्तीस वर्षांचे गृहस्थ खाली आले, कारण एल्टनला युरोपात खेळायचं होतं. चौथ्या डिव्हिजनमधून युरोप म्हणजे तालुक्याच्या मैदानावर बसून लॉर्ड्सच्या गप्पा.

१९७८ ला चौथीतून तिसरीत. १९७९ ला तिसरीतून दुसरीत. १९८२ ला पहिलीत. आणि पहिलीतल्या पहिल्याच मोसमात, १९८२-८३ मध्ये, लिव्हरपूलच्या मागे दुसरा नंबर. १९८३ च्या शरदात वॉटफर्ड यूएफा कपात, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, खेळत होतं. सहा वर्षं लागली. ल्यूथर ब्लिसेट आणि रॉस जेन्किन्स हे दोघे चौथीतही होते आणि पहिलीतही. पहिलीतल्या त्या मोसमात ब्लिसेटने २७ गोल मारले, देशात सर्वाधिक.

मला हे सगळं पुस्तकातून नाही, मॅचला शेजारी बसणाऱ्या एका आजोबांकडून कळलं. (मी नंतर पडताळलं, काळजी नसावी.) ते म्हणाले, त्या काळी खेळाडूंच्या करारातच होतं की वॉटफर्डात किंवा जवळपास राहायचं, आणि आठवड्यातले ठरावीक तास शाळांत, दवाखान्यांत, गावात द्यायचे. इंग्लंडमध्ये मैदानावर दंगे चालू होते तेव्हा इथे बायका-पोरांसाठी वेगळी बैठक काढली. आजोबांनी लेकीला तिथेच आणलं, आज ती स्वतःच्या पोरांना आणते. इंग्लंडच्या मॅनेजरकीबद्दल विचारल्यावर त्यांनी हात झटकला. 'ती एक नोकरी होती' इतकंच बोलले आणि सँडविच खायला लागले.

तर मंडळी, माझं म्हणणं असं की चौथ्या डिव्हिजनचा सामान्य फुलबॅक असणं हीच त्यांची शिदोरी होती. सामान्य खेळाडूला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्यांना आतून ठाऊक होतं. मतं येऊ द्या. टंकनदोष पोटात घाला.

* * *

सुगरणीची चिमटी

छान लिहिलंय. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन बाळबोध प्रश्न. एक, ही चौथी-तिसरी डिव्हिजन काय भानगड आहे? आपल्याकडे आयपीएलमध्ये तळाला राहिलं तरी पुढच्या वर्षी तोच संघ तिथेच असतो ना? दुसरा, सलगमच का? बटाटा का नाही?

* * *

हर्टफर्डचा हरी

चिमटीताई, प्रश्न बाळबोध नाहीत. इंग्लंडच्या लीगमध्ये ९२ क्लब, चार मजल्यांच्या इमारतीसारखे. दरवर्षी प्रत्येक मजल्यावरचे वरचे काही जिना चढतात, तळाचे काही उतरतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या गावालाही वर्षभर आशा असते, आणि पहिल्या मजल्यावरच्याला झोप नसते. (इथे पहिला मजला सगळ्यात वर, हे लक्षात घ्या. साहेबाचं सगळंच उलटं.)

सलगम : १९९२ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड स्वीडनकडून २-१ हरलं आणि बाहेर पडलं. 'स्वीड' म्हणजे स्वीडनचा माणूस, आणि इंग्लंडात स्वीड नावाचा एक कंदही मिळतो, सलगमाचा थोरला भाऊ. तेव्हा 'सन' या पेपराने मथळा दिला : स्वीड्स २, टर्निप्स १. म्हणजे हे आपले सलगम. पुढे टेलरांचं डोकंच त्या कंदावर बसवलं. ते त्यांना आयुष्यभर चिकटलं.

* * *

सुगरणीची चिमटी

अच्छा! म्हणजे नुसता कोटीचा प्रकार. स्वीडन नसतं तर सलगम नसतं. बिचारे.

अवांतर : तो स्वीड कंद मी ब्रिस्टलला नणंदेकडे खाल्लाय. उकडून लोण्यात घोटतात. गोडसर, उग्र. कोहळ्याची चव आणि मुळ्याचा वास. फोडणी दिली असती तर बरा लागला असता.

* * *

कूपरेजकर

हरीभाऊ, लेख ओघवता आहे, पण भक्तिभाव जरा आवरा. मी ८६ च्या वर्ल्डकपपासून टीव्हीवर फुटबॉल पाहतोय आणि त्याआधी मुंबईत कूपरेजच्या लाकडी फळ्यांवर बसून हार्वूड लीग आणि रोव्हर्स कपाचे सामने पाहिलेत. टेलर यांचा खेळ म्हणजे 'मार लांब आणि धाव'. चेंडू मिडफिल्डच्या डोक्यावरून जायचा. मिडफिल्डवाल्यांच्या माना दुखत असतील वर बघून बघून. चौथ्या डिव्हिजनमध्ये ते चालतं. युरोपात गेल्यावर स्पार्टा प्रागने काय केलं ते लिहिलं नाहीत.

आणि इंग्लंडबद्दल 'ती एक नोकरी होती' म्हणून कसं चालेल? वॉडल, बिअर्डस्ली यांच्यासारखे कलाकार बाहेर बसवले. स्वीडनविरुद्ध बरोबरी असताना स्ट्रायकर लिनेकरला बाहेर काढलं, तेही त्याला बॉबी चार्ल्टनच्या इंग्लंडसाठीच्या ४९ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी करायला एक गोल हवा असताना! तो त्याचा शेवटचा सामना ठरला. नंतर ९४ च्या वर्ल्डकपला इंग्लंड पात्रच ठरलं नाही. शेवटच्या सामन्यात सान मरिनोसारख्या गल्लीएवढ्या देशाने नवव्या सेकंदाच्या आत गोल मारला. शेवटी ७-१ जिंकले, पण लोकांना तो एकच गोल आठवतो.

सामान्य फुलबॅक ही शिदोरी, मान्य. पण शिदोरी एका गावापुरतीच पुरते ना?

* * *

रंकाळ्याचा फुलबॅक

कूपरेजकर काका, रामराम. धागा वाचून गप बसवेना म्हणून दोन वर्षांनी लॉगिन केलं.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीकडून अकरा वर्षं खेळलो, राइट बॅक. तालमीचं नाव मुद्दाम सांगत नाही, निम्मे वाचणारे भांडायला येतील. गुडघा गेला, आता सकाळी पोरांना शिकवतो. तेव्हा फुलबॅकबद्दल बोलायचा मला थोडा हक्क हाय.

हरीभाऊंनी जाता जाता लिहिलंय त्यात लई दम हाय. फुलबॅकला अख्खा खेळ समोर दिसतो. स्ट्रायकरच्या पाठीमागं काय चाललंय त्याला ठाऊक नसतं, फुलबॅकच्या मागं फक्त गोली आणि बाजूला कट्ट्यावरचं पब्लिक. त्यात आपण कमी वेगाचे असलो की डोकं वापरावंच लागतं. विंगर आपल्यापेक्षा जोरात पळतोय हे पयल्या पाच मिनिटांत कळतं, उरलेली पंच्याऐंशी मिनिटं त्याला कुठल्या बाजूला ढकलायचं याचा हिशोब. चांगले कोच बऱ्याचदा असल्याच लोकांतून का येतात, याचं मला कधी नवल वाटलं नाही. ज्याला जन्मजात येतं, त्याला 'कसं येतं' ते सांगता येत नाही.

आणि लांब मारायचं म्हणाल तर काका, आमचं सरावाचं मैदान बघा एकदा. टणक जमीन, मधी खडा. गवतावर सरकणारा पास तिथं गुडघ्यापर्यंत उडतो. पोरांना मी टिकी-टाका, म्हणजे छोट्या छोट्या पासांचा खेळ, शिकवू काय? इंग्लंडात जानेवारीत नुसता चिखल असायचा तेव्हा. चेंडू मधी अडकून राहायचा. त्यापेक्षा वरनं गेलेला बरा.

* * *

गणिती गण्या

लिंकनबद्दल एक तपशील राहिला, तो जास्त रोचक आहे.

७५-७६ च्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७४-७५ मध्ये, लिंकन आणि चेस्टर दोघांचे गुण सारखे, ५७. वर चढायला उरलेली जागा एकच, चौथी. तेव्हा गोलफरक नव्हता, गोलसरासरी होती : केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. चेस्टर ६४ भागिले ३८ = १.६८. लिंकन ७९ भागिले ४८ = १.६५. चेस्टर वर, लिंकन तिथेच.

आता वजाबाकी करून बघा. चेस्टर अधिक २६, लिंकन अधिक ३१. आजचा नियम असता तर लिंकन चढलं असतं. वजाबाकीचा नियम १९७६ मध्ये आला, म्हणजे वर्षभर उशिरा. भागाकारात कमी गोल खाणाऱ्याचा फायदा होतो, म्हणून संघ बचाव करत बसायचे. टेलरांनी पुढच्या वर्षी थेट १११ गोल मारून भागाकाराचा प्रश्नच ठेवला नाही.

आणि ७४ गुण आजच्या तीन गुणांच्या हिशोबाने किती? ३२ गुणिले ३ अधिक १० = १०६. रीडिंगने २००५-०६ मध्ये १०६ काढले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. तो आकडा पुढे बर्मिंगहॅमने २०२४-२५ मध्ये १११ गुण काढून मागे टाकला.

लांब पासाबद्दल : यामागे चार्ल्स रीप नावाचा माणूस होता. हवाईदलात हिशोबनीस. १९५० मध्ये स्विंडनचा एक सामना बघताना वैतागला आणि खिशातली वही काढून प्रत्येक चढाईची नोंद करायला लागला, ती पुढे कित्येक वर्षं केली. त्याचा निष्कर्ष : बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. टेलर वॉटफर्डात असताना रीपच्या संपर्कात होते.

यात एक खोट आहे. मुळात बहुतेक चढायाच तीन पासांत संपतात, मग गोलही त्यातूनच जास्त होणार. 'बहुतेक अपघात घराजवळ होतात, म्हणून घर बदला' असं झालं ते. तेव्हा कूपरेजकर, तुमचा मुद्दा गणितानेही अर्धा बरोबर आहे.

अर्धाच, कारण वॉटफर्ड नुसतं लांब मारत नव्हतं. चेंडू गेला की समोरच्याच्या बचावफळीवर तिथेच तुटून पडायचं, त्याच्याच गोलजवळ परत मिळवायचा. आज जर्मन कोचांनी हेच केलं की आपण 'प्रेसिंग' म्हणून टाळ्या वाजवतो.

* * *

कूपरेजकर

गण्या, अर्धा तर अर्धा, पदरात घेतो. पण प्रेसिंगचं श्रेय इतकं सढळ हाताने वाटू नकोस. डच लोक सत्तरच्या दशकात ते करत होते, आणि चेंडू पायाशी ठेवून करत होते.

फुलबॅकराव, तुमची तालीम मी ओळखली बहुतेक. 'मधी खडा' यावरून. बोलत नाही.

* * *

रंकाळ्याचा फुलबॅक

काका, बोलूच नका. 🙏

* * *

खवट म्हातारा

एल्टन जॉनचे पैसे होते म्हणून झालं सगळं. उगाच फुलबॅकचं तत्त्वज्ञान कशाला. पैसा ओतला की चौथीतून पहिलीत कुणीही जाईल.

* * *

हर्टफर्डचा हरी

खवटराव, पैसे होते हे खरंच. पण पैसे कुठे गेले ते बघा.

टेलरांनी आल्या आल्या काय केलं? बर्टी मी यांना मदतीला घेतलं. हे तेच, ज्यांनी १९७१ मध्ये आर्सेनलला एकाच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून दिले. बत्तीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली पन्नाशी ओलांडलेला तो माणूस चौथ्या डिव्हिजनमध्ये कामाला आला. मग लिंकनचाच सॅम एलिस बचावात आणला, वरचा कुणी नट नाही. जॉन बार्न्स, ज्याने पुढे इंग्लंडकडून मारकानात ब्राझीलविरुद्ध तो जगप्रसिद्ध गोल मारला आणि मग जो लिव्हरपूलला गेला, तो सडबरी कोर्ट नावाच्या हौशी संघाकडून घेतला. किंमत? खेळाच्या कपड्यांचा एक सेट. १९८१ ची गोष्ट. ब्लिसेट क्लबच्या पोरांतूनच वर आलेला. ऑक्टोबर १९७८ मध्ये वॉटफर्ड तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना लीग कपात ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवलं, दोन्ही गोल त्याचेच, दोन्ही डोक्याने. आज त्याच माणसाला मैदानावर बघितलं की आजोबा लोक उभे राहतात.

आणि चेअरमनलाही माणूस सोडत नसे. एल्टन दारूत बुडलेला असताना एकदा मॅचला अवतारात आला. टेलरांनी त्याला घरी बोलावून समोर ब्रँडी ठेवली, हेच हवंय ना, पी, आणि मग चांगला फैलावर घेतलं. हा किस्सा एल्टनने स्वतःच जगाला सांगितलाय. पगार देणाऱ्याला असं बोलायला काय लागतं, ते इथल्या नोकरदारांनी मनातल्या मनात ताडून बघावं. मी माझ्या मॅनेजरला 'सोमवारी सुट्टी हवी' हे तीन मेल लिहून सांगतो.

कूपरेजकर, स्पार्टा प्रागने दोन्ही सामने जिंकले, बरोबर. पण त्याआधी जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नकडे ३-१ हरून आलेल्या वॉटफर्डने घरी ३-० ने उलटवलं होतं, तेही अर्धे नेहमीचे खेळाडू जायबंदी असताना.

* * *

सुगरणीची चिमटी

मग वॉटफर्ड कधी काही जिंकलं का? मोठं, चषक वगैरे?

* * *

हर्टफर्डचा हरी

नाही ना! १९८४ चा एफए कप फायनल. समोर एव्हर्टन, वेम्बली. कप्तान विल्फ रॉस्ट्रन आधीच्या एका सामन्यात लाल कार्ड खाऊन बाहेर. २-० हरले. दुसऱ्या गोलात अँडी ग्रेने डोकं चेंडूला लावलं की गोलीच्या हातांना, यावर इथल्या पबात अजून वाद होतो. सामन्याआधी बँड वाजला तेव्हा एल्टन स्टँडमध्ये रडत होता, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

१९८७ मध्ये टेलर अॅस्टन व्हिलाकडे गेले. व्हिला तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं होतं. पुढच्याच वर्षी व्हिला वर चढलं, आणि त्याच वर्षी वॉटफर्ड खाली घसरलं. १९९० मध्ये व्हिला लीगमध्ये दुसरं. त्यावरून इंग्लंडची नोकरी. मग ते तुम्हाला माहीत असलेलं सगळं.

* * *

कूपरेजकर

इंग्लंडबद्दल मीच बोललो म्हणून न्यायाने हेही बोलतो. आकडे काही लाज वाटण्यासारखे नाहीत : ३८ सामने, १८ विजय, १३ बरोबरी, ७ हार. गॅस्कॉइन या मुख्य खेळाडूचा गुडघा १९९१ च्या एफए कप फायनलला फुटला, तो वर्षभर नव्हता. आणि रॉटरडॅमला, ऑक्टोबर ९३ मध्ये, हॉलंडविरुद्धच्या वर्ल्डकप पात्रता सामन्यात त्यांच्या रोनाल्ड कूमनने आपल्या डेव्हिड प्लॅटला, म्हणजे इंग्लंडच्या, सरळ ओढून पाडलं. लाल कार्ड हवं होतं, पिवळं मिळालं. थोड्याच वेळात त्याच कूमनने फ्री किकवर गोल मारला. तेव्हा चॅनेल ४ वाले कॅमेरा घेऊन टेलरांच्या मागे होते. टेलर बाजूरेषेवरच्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगतात, तुमच्या त्या सहकाऱ्याने माझी नोकरी घालवली, माझ्या वतीने त्यांचे आभार माना. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूप हसलो होतो. परवा या धाग्यामुळे पुन्हा पाहिलं. हसू आलं नाही.

पण लिनेकरबद्दल माफी नाही म्हणजे नाही.

* * *

गणिती गण्या

कूपरेजकर द्रवले! संपादक मंडळाने नोंद घ्यावी.

* * *

रंकाळ्याचा फुलबॅक

हरीभाऊ, इंग्लंडनंतर काय केलं त्यांनी? एवढी नाचक्की झाल्यावर आमच्याकडं माणूस पेठ सोडून जाईल.

* * *

हर्टफर्डचा हरी

हा माणूस पेठेत परत आला.

मधे थोडे दिवस वुल्व्ह्ज क्लबकडे. मग १९९६ मध्ये वॉटफर्ड खाली घसरत असताना परत बोलावणं आलं. ती घसरण काही थांबवता आली नाही. वर्षभर केनी जॅकेटला, म्हणजे स्वतःच्याच जुन्या खेळाडूला, संघ दिला. १९९७ मध्ये पुन्हा स्वतः. पुढच्या वर्षी डिव्हिजन जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षी, मे १९९९, वेम्बलीला बोल्टनविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे वर चढायची उरलेली एक जागा ठरवणारा सामना : निक राइटने पाठीवर पडत हवेतून मारलेला गोल, शेवटी अॅलन स्मार्टचा दुसरा, आणि वॉटफर्ड प्रीमियर लीगमध्ये. लागोपाठ दोन बढत्या. १५ वर्षांपूर्वी ज्या वेम्बलीवर रडले, तिथेच.

वर गेल्यावर दाणादाण उडाली हेही सांगतो. अॅनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला १-० हरवलं, पण मोसमात गुण फक्त २४, नंबर शेवटचा. २००१ मध्ये थांबले, नंतर व्हिलाकडे एक छोटी फेरी. मग रेडिओवर बोलायचे. क्लब पैशाच्या अडचणीत असताना २००९ पासून काही वर्षं चेअरमन झाले. चौथ्या डिव्हिजनचा मॅनेजर म्हणून आलेला माणूस साठी ओलांडल्यावर त्याच क्लबच्या चेअरमनच्या खुर्चीत.

१२ जानेवारी २०१७ ला गेले, ७२ व्या वर्षी. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. शेजारचे आजोबा सांगतात, मैदानाबाहेर मफलरांचा ढीग पडला होता. वॉटफर्डचे तर होतेच, लिंकनचे, ग्रिम्सबीचे, व्हिलाचे, आणि वॉटफर्डच्या हाडवैऱ्यांचे, ल्यूटनचेही.

* * *

रंकाळ्याचा फुलबॅक

ल्यूटनचे पण. हे आमच्या पेठेतल्या लोकांना वाचून दाखवतो.

मला एक सांगा. त्या 'गावात राहायचं' अटीबद्दल. आमच्याकडं आधी सगळी पोरं त्याच गल्लीतली. सकाळी दूध घालणारा, दुपारी वर्कशॉपला जाणारा, संध्याकाळी शाहू स्टेडियमवर आमचा स्टॉपर. आता बाहेरचे, परदेशी खेळाडू येतात. खेळ सुधारला, खोटं बोलणार नाही. पण मॅच हरल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर शिव्या खायला कोण असतं? कुणी नसतं. मी हरल्यावर आठ दिवस मागच्या गल्लीनं घरी जायचो. मला वाटतं टेलर सायबांनी ती अट त्यासाठीच घातली असणार. शाळा-दवाखाने ठीक हाय, पण खरी गोष्ट ती टपरी.

आणि दुसरं. तुमच्या पोराचं ट्रेनिंग कसं असतं तिकडं? पालक ओरडतात काय कडेनं? माझ्याकडं चौदा वर्षांखालची पंचवीस पोरं हायत आणि चाळीस कोच. पंधरा वडील, पंचवीस काका.

* * *

सुगरणीची चिमटी

'पंचवीस पोरं आणि चाळीस कोच' 😄 फुलबॅकराव, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

* * *

हर्टफर्डचा हरी

चहाची टपरी! हे मला सुचलं नव्हतं. शनिवारी आजोबांना सांगतो. टपरीचं भाषांतर करताना पंचाईत होईल तेवढी.

पालकांचं म्हणाल तर इथे पोरांच्या रविवारच्या सामन्याला मैदानाच्या एका बाजूला दोरी किंवा पट्टी लावलेली असते. पालकांनी तिच्यामागे उभं राहायचं, कोच समोरच्या बाजूला. टाळ्या वाजवायला परवानगी, सूचना द्यायला नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, आपण मराठीत ओरडलो तर कुणाला काय कळतंय. पोराला डाव्या बॅकला उभं केलं होतं. (हो, फुलबॅक.) समोरून एक वीतभर उंच पोरगा चेंडू घेऊन सुटला आणि माझ्या तोंडून निघालं, 'अरे आत नको, बाहेर ढकल, बाहेर!'

कोचबाईंनी शिट्टी न वाजवता नुसतं माझ्याकडे पाहिलं. पोराने खेळता खेळता मागे वळून पाहिलं, तेवढ्यात तो उंच पोरगा आतून निघून गेला आणि गोल.

घरी येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, 'बाबा, मी त्याला बाहेरच ढकलत होतो.'

* * *

रंकाळ्याचा फुलबॅक

पोरगं बरोबर बोललं. वळून बघितलं तिथंच गेला गोल. हरीभाऊ, दोरीच्या आणखी दोन हात मागं उभं राहत जावा.

* * *

कूपरेजकर

आणि तोंडात सँडविच ठेवा, शेजारच्या आजोबांसारखं.